कुणाची मते कुणी खाल्ली?

मतदानाला पंधरा दिवस उरले की जो तो सांगत सुटतो, "त्याला मत देऊन काय उपयोग? वाया जाईल." निकाल लागला की तीच माणसे तावातावाने म्हणतात, "त्याने आमची मते खाल्ली." आधी मतदाराला दटावायचे आणि नंतर त्याच्या मतावर मालकी सांगायची, असा हा प्रकार आहे. दोन मोठ्या आघाड्या सोडून तिसऱ्याला मत देणारा माणूस आपल्याकडे एकतर भोळा ठरतो, नाहीतर फितूर. माझ्या मते तो बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच नसतो, आणि ते मला येथे दाखवायचे आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो दुबळा नाही. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मते तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक लोक त्याच्या विरोधात असले तरी चालते. अशा पद्धतीत लढत खऱ्या अर्थाने दोघांचीच असते. म्हणून दगडापेक्षा वीट मऊ, हे ओळखून विटेच्या पारड्यात मत टाकावे. तिसऱ्याकडे गेलेले प्रत्येक मत दगडाला मदत करते. दाखलेही हाताशी आहेत. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांवर मते होती. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि अध्यक्ष झाले; त्याच राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते पडली होती. २०२४ ला वायव्य मुंबईत रवींद्र वायकरांनी ठाकरेंच्या शिवसेनेच्या अमोल कीर्तिकरांना अवघ्या ४८ मतांनी हरवले. ४८ मते म्हणजे एखाद्या मोठ्या इमारतीतला एक मजला. एवढ्या काठावर निकाल लागत असताना तिसऱ्याची चैन परवडते कुणाला, असा हा सवाल आहे.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे तिसरा उभा नसता तर त्याची सगळी मते दुसऱ्याला गेली असती. हे कुणी ठरवले? सांगलीकडे पाहा. २०१९ ला तिथे भाजपचे संजयकाका पाटील निवडून आले, काँग्रेस आघाडीतल्या स्वाभिमानी पक्षाकडून लढलेले विशाल पाटील दीड लाखाहून अधिक मतांनी पडले आणि वंचितच्या गोपीचंद पडळकरांनी तीन लाख मते घेतली. वजाबाकी करणाऱ्यांनी लगेच निकाल दिला की वंचितने सांगली घालवली. पण पडळकर त्या निवडणुकीआधी भाजपमध्ये होते आणि निकालानंतर काही महिन्यांतच भाजपमध्ये परतले. त्यांच्यामागे गेलेल्या धनगर समाजातील मतदाराने, पडळकर उभे नसते तर, कुणाचे बटण दाबले असते? त्यातली किती मते भाजपची होती, किती काँग्रेस आघाडीची, आणि किती जण मतदानाला बाहेरच पडले नसते? मतदानयंत्रात दुसरी पसंती नोंदवलेली नसते. तरीही निकालाच्या संध्याकाळी वाहिन्यांवर ही वजाबाकी ठाम सत्य म्हणून सांगितली जाते.

त्याच सांगलीत २०२४ ला काय झाले ते तर अधिकच बोलके आहे. महाविकास आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि उमेदवारी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांना मिळाली. विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले. "मते फोडू नका, भाजपला फायदा होईल" हा उपदेश प्रचारभर चालला. मतमोजणीत लिफाफा एक लाखाच्या फरकाने निवडून आला आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत जप्त झाली. विशाल पाटील वसंतदादांचे नातू आहेत, काँग्रेसची जुनी यंत्रणा त्यांच्यामागे होती, त्यामुळे त्यांना रानातून आलेला तिसरा कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मुद्दा एवढाच की लढत कोणत्या दोघांत आहे हे मुंबईत जागावाटपाला बसलेल्यांनी एक ठरवले होते आणि मिरज-तासगावच्या मतदाराने दुसरेच ठरवले. तिथल्या माणसाने "वाया जाईल" हा सल्ला ऐकला असता तर मत खरोखरच वाया गेले असते.

आता त्या ४८ मतांचे. वायव्य मुंबईत मतदान पंचावन्न टक्क्यांच्या आसपास झाले. म्हणजे साडेसात लाखांहून अधिक मतदार केंद्रावर फिरकलेच नाहीत. 'नोटा'चे बटण दाबणारे पंधरा हजारांहून अधिक होते. या सगळ्यांना सोडून, रांगेत उभे राहून आपल्या पसंतीच्या लहान पक्षाला मत देणाऱ्यालाच दोषी का धरायचे? निकाल ४८ मतांवर आला की प्रत्येक जण त्याला कारणीभूत ठरतो. त्यातून एकालाच उचलून पिंजऱ्यात उभे करण्यात न्याय नाही. फ्लोरिडात तर नेडरच नव्हे, मतपत्रिकेवरच्या प्रत्येक लहान उमेदवाराला ५३७ पेक्षा जास्त मते होती.

शिवाय विटेचे पुढे काय होते, हेही विचारायला हवे. नांदेडच्या ज्या वंचित मतदाराला पाच वर्षे "तुमच्यामुळे भाजप आला" असे ऐकवले गेले, त्याने २०२४ च्या फेब्रुवारीत अशोक चव्हाणांना स्वतःहून भाजपमध्ये जाताना पाहिले. वायव्य मुंबईत निवडून आलेले वायकर मतदानाच्या दोन-तीन महिने आधीपर्यंत ठाकरेंच्याच शिवसेनेत होते. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. २०१९ ला कुणीतरी नको म्हणून महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी ज्यांना मत दिले, ते त्या नको असलेल्याच्याच शेजारी मंत्रिमंडळात जाऊन बसले. ज्या राज्यात हे पाच वर्षांत इतक्या वेळा घडले, तिथे "कमी वाईट कोण" याचा हिशेब मतदानाच्या दिवशी मांडायचा आणि तो पाच वर्षे टिकेल असे मानायचे, याला व्यवहारी शहाणपण म्हणता येत नाही.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. लोक म्हणतात, दगड पडला तर तो तुझ्या डोक्यात पडणार नाही. तो गरिबाच्या, दलिताच्या, अल्पसंख्याकाच्या डोक्यात पडेल. तुझे तत्त्व जपण्याची किंमत दुसरा मोजेल. हा आक्षेप मला खरा वाटतो. म्हणूनच प्रत्येक निवडणुकीत तिसऱ्यालाच मत द्यावे असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या डोक्यात दगड पडणार, तेच लोक बहुतेक वेळा तिसऱ्याला मत देत असतात, हे आक्षेप घेणारे विसरतात. २०१९ ला वंचितला राज्यात जवळपास सात टक्के मते देणारा मतदार प्रामुख्याने वस्तीतला, पालावरचा, बेरोजगार तरुण होता. धोका त्याला माहीत नव्हता काय? आणि २०२४ ला संविधान धोक्यात आहे असे वाटले तेव्हा त्याच मतदाराने वंचितचा टक्का तीनच्या आत आणला आणि मोठ्या संख्येने महाविकास आघाडीकडे मते वळवली. त्याला कुणी शिकवावे लागले नाही. कधी विटेला धरायचे आणि कधी आपले घर बांधायला घ्यायचे, हे तो स्वतः ठरवतो. तो निर्णय त्याचा आहे. तो त्याने आपल्या बाजूने दिला नाही म्हणून रागावण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही.

भीतीपोटी कायमचे बांधले गेलेले मत बिनकिमतीचे होते. हा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे, हे पक्षाला एकदा कळले की त्याच्या वस्तीतला रस्ता, त्याची शिष्यवृत्ती, त्याच्या समाजाची उमेदवारी या गोष्टी यादीच्या तळाला जातात. जो दूर जाऊ शकतो त्याच्याशीच बोलणी होतात.

उत्तर प्रदेशातले बिजनौर या बाबतीत फार शिकवते. डिसेंबर १९८५ मध्ये तिथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राखीव जागा. काँग्रेसच्या मीरा कुमार सुमारे पाच हजार मतांनी जिंकल्या, रामविलास पासवान दुसरे आले आणि तिसऱ्या क्रमांकावर, साठ हजारांहून अधिक मते घेऊन, होत्या मायावती. तेव्हा त्या तिशीच्या आतल्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी पासवानांची मते खाल्ली. दोनच वर्षांनी, १९८७ ला, हरिद्वारच्या पोटनिवडणुकीत काँग्रेस पुन्हा जिंकली, पण या वेळी मायावती सव्वा लाख मते घेऊन दुसऱ्या आल्या आणि पासवान तिसरे फेकले गेले. १९८९ ला मायावती बिजनौरमधून खासदार झाल्या, १९९५ ला मुख्यमंत्री. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी पाडण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी, असे कांशीराम कार्यकर्त्यांना सांगत. १९८५ ला बिजनौरच्या त्या साठ हजार माणसांना "मत वाया घालवू नका" असे सांगणारे शहाणे तिथेही असतीलच. त्या माणसांनी ऐकले असते तर दलित स्त्री मुख्यमंत्री होण्याची वाट तिथेच खुंटली असती. पुढे त्या पक्षाचे काय झाले, त्याने कुणाशी कशा तडजोडी केल्या, यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. पण पेरणीच्या वर्षी पीक दिसत नाही म्हणून पेरणाऱ्याला मूर्ख ठरवता येत नाही.

मात्र प्रत्येक तिसरा उमेदवार या मानाचा धनी नाही. साताऱ्यात २०२४ ला शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि 'पिपाणी' चिन्हावरच्या एका अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली, कारण यंत्रावर ती पिपाणी शिंदेंच्या चिन्हातल्या तुतारी वाजवणाऱ्या माणसासारखी भासत होती. मते खाणे म्हणायचेच असेल तर ते याला म्हणा. इथे मतदाराने तिसरा निवडला नाही, त्याची दिशाभूल झाली. आणि पडळकरांसारखे जे तीन लाख माणसांचा विश्वास घेऊन काही महिन्यांत ज्याच्याविरुद्ध लढले त्याच्याच पक्षात जातात, त्यांनी त्या मतदाराचा जो विश्वासघात केला तसा कोणत्याही मतविभागणीने होत नाही. म्हणून तिसऱ्याकडे जाताना मतदाराने त्याला विचारायला हवे: मागच्या पाच वर्षांत तू कुठे होतास आणि हरलास तर पुढच्या पाच वर्षांत कुठे असशील? सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांना हा प्रश्न कधी विचारावा लागला नाही. शेतकरी कामगार पक्षाचे लाल निशाण सोडले नाही, बहुतेक काळ विरोधी बाकांवर काढला, १९७२ आणि १९९५ ला हरले, तरी त्याच मतदारसंघातून त्याच पक्षावर अकरा वेळा आमदार झाले. सत्तेबाहेरच्या पक्षाला दिलेले मत सांगोल्यात पन्नास वर्षे पाण्याच्या प्रश्नावर बोलत राहिले.

राहता राहिला पद्धतीचा दोष, आणि माझ्या मते खरा आरोपी तोच आहे. मतदाराला एकच ठसा, एकच बटण दिले की त्याला मन आणि भीती यांतले एक निवडावे लागते. ही सक्ती निसर्गनियम नव्हे. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवा. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या चुरशीत तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ ला अर्थमंत्रिपद सोडलेले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी होते. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९; कोटा कुणीच गाठला नाही. मग खालचे उमेदवार बाद होत गेले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. देशमुखांकडची बहुतेक मते रेड्डींकडे गेली. ८८ हजारांचे अंतर पंधरा हजारांच्या आत आले. देशमुखांना ज्यांनी पहिली पसंती दिली त्यांनी आपल्या मनातला माणूसही सांगितला आणि उरलेल्या दोघांत कोण बरा तेही सांगितले. तिथे देशमुखांनी कुणाची मते खाल्ली असे म्हणायला जागाच उरली नाही.

ही पद्धत फक्त खासदार-आमदारांना जमते असेही नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत महाराष्ट्रातली साधी नोकरदार माणसे ती वर्षानुवर्षे वापरतात. केंद्रावर जांभळ्या शाईचे पेन हातात मिळते, नावासमोर १ लिहायचा, वाटल्यास दुसऱ्यासमोर २, तिसऱ्यासमोर ३. टिकमार्क केला की मत बाद. मोजणीला कधी रात्र उलटून दुसरा दिवस उजाडतो, इतकाच तोटा. मतदारांच्या लांब यादीसाठी यंत्रे बदलावी लागतील, कागद परत आणावा लागेल, हे खरे आहे. एक मत दोनदा मोजल्यासारखे वाटते, ही शंकाही लोक काढतात. पण प्रत्येक फेरीत प्रत्येकाचे एकच मत उभे असते, फक्त बाद झालेल्याचे मतदार दुसरीकडे सरकतात.

"मतविभागणी टाळा" असे मला सांगणाऱ्या एकाही मोठ्या पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात ही मागणी ठेवलेली माझ्या वाचनात आली नाही. संसदेच्या निवडणुकीसाठी दिल्लीतला कायदा बदलावा लागेल, ते लांबचे. पण ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या निवडणुकीचे कायदे करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडे आहे. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असे २०१७ ला याच विधिमंडळाने ठरवले, २०२० ला मोडले, २०२२ ला पुन्हा आणले. महापालिकांच्या प्रभागात एक नगरसेवक की तीन की चार, हे तर सरकार बदलले की बदलते. थेट सरपंच हे एकच पद, उमेदवार चार-पाच, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. पसंतीक्रमाची सुरुवात तिथून करायला एक दुरुस्ती विधेयक आणि दोन्ही सभागृहांतले साधे बहुमत पुरते.