'टेक ऑफ' आणि आपलं 'काढणं'

इंग्रजीतली फ्रेजल व्हर्ब्ज ज्या पद्धतीनं आपण शिकतो, ती पद्धत मला अजिबात पटत नाही. सेमिस्टर जवळ आलं की वीस-पंचवीस क्रियापदांची एक झेरॉक्स वर्गात फिरते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एकेक मराठी अर्थ. 'टेक ऑफ' म्हणजे उड्डाण करणे. पाठ केलं, विषय संपला. पुढे कधीतरी 'शी टूक ऑफ हर कोट' असं वाक्य समोर येतं आणि मराठी माध्यमातून आलेला आपल्यातलाच कुणीतरी त्या बाईला कोटासकट आकाशात पाठवतो. वर्ग हसतो. तो मुलगा त्यानंतर वर्षभर तोंड उघडत नाही. दोष त्याचा नाही, त्या झेरॉक्सचा आहे.

'टेक ऑफ' काय काय करतं बघा. बूट, टोपी, चष्मा उतरवायचा तर टेक ऑफ. सांबऱ्याहून विमान सुटलं तर टेक ऑफ. कामावरून दोन दिवस सुट्टी घेतली, यादीतून कुणाचं नाव उडवलं, दुकानदारानं बिलातले शंभर रुपये कमी केले, पाहुणा न सांगता सटकला, नव्या गायकाचं नाव एकदम वर गेलं, सगळीकडे हेच दोन शब्द. अर्थशास्त्राच्या मुलांना तर रोस्टोव्ह माहीतच आहे. १९६० च्या पुस्तकात त्यानं आर्थिक वाढीच्या पाच अवस्था मांडल्या, त्यातल्या तिसरीचं नाव टेक-ऑफ. आणि एखाद्याच्या बोलण्याचालण्याची नक्कल करणं, तेही टेक ऑफच.

हा शेवटचा अर्थ आज कमी ऐकू येतो, पण तो जुना आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की क्रियापदाला असे छोटे शब्द जोडून होणारी रचना परक्या माणसाला सगळ्यात अवघड जाते. तिथं दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे आणि अर्थ दिलाय नक्कल करणे! विमान यायला अजून दीडशे वर्षं होती. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव तर आणखी उशिरा, १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झालं. म्हणजे ज्या नावाला आपण घाबरतो, त्याला अजून शंभर-एक वर्षंच झालीत.

यादी पाठ करण्याऐवजी 'ऑफ' या चिमुकल्या शब्दाकडे बघावं. एक वस्तू दुसरीला चिकटलेली आहे आणि ती सुटून बाजूला होते, एवढंच चित्र. अंगावरून कोट, जमिनीवरून चाक, कामावरून माणूस, हजारातून शंभर. नक्कल मात्र या चित्रात थोडी ओढूनताणून बसवावी लागते. कागदावरून ठसा उचलावा तशी कुणाची लकब उचलली, असं समजायचं. लक्षात राहायला तेवढं पुरतं.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. हे आपल्याला परकं वाटायचं कारणच काय? घरात आपण दिवसभर हेच करतो. चपला काढतो, रजा काढतो, यादीतून नाव काढतो, सरांचा आवाज काढतो आणि सर आले की पळ काढतो. म्हणजे 'टेक ऑफ'चे निम्म्याहून जास्त अर्थ एकट्या 'काढणे'त आहेत. विमान तेवढं राहतं, तर ते उड्डाण 'घेतं', तिथंही टेक आहेच. शिवाय फोटो काढणं, कर्ज काढणं, समजूत काढणं, खोडी काढणं, झोप काढणं, दिवस काढणं. नुसतं 'नाव काढणं' घ्या. यादीतून नाव काढलं तर वाईट वाटतं, पोरीनं आईबापाचं नाव काढलं तर घर आनंदतं, आणि 'त्याचं नाव काढू नकोस' म्हटलं की विषय बंद. हे तीन अर्थ आपल्याला कुणी झेरॉक्स देऊन शिकवले? बेळगावात तर आणखी एक सोय आहे. शेजारची कन्नड मैत्रीण चप्पलही 'तेगे' म्हणते, फोटोही 'तेगे' आणि दारही 'तेगे'. तीन भाषांची ही शिदोरी घेऊन आपण वर्गात येतो, आणि दारातच सांगतात, मराठी बाहेर ठेवा, इंग्रजीत विचार करा. ज्याच्याकडे विचार करायला अजून इंग्रजी नाही, त्यानं काय करायचं?

उलट होतंय भलतंच. 'शूज रिमूव्ह कर', 'फोटो क्लिक कर', 'तो टॉपिक स्टार्ट करू नकोस', असं आपण बोलायला लागलोय. प्रत्येक ठिकाणी एक इंग्रजी शब्द आणि त्याच्या मागे बिचारं 'करणे'. शूज, फोटो, टॉपिक हे शब्द आले म्हणून माझं काही बिघडत नाही, भाषेत शब्द येतच असतात. पण 'काढ' गेला की त्याच्यामागोमाग 'शोधून काढ', 'लिहून काढ', 'पिंजून काढ'ही जायला लागतात. आणि यातला विनोद असा की ज्याची नक्कल करायची म्हणून आपण 'रिमूव्ह' म्हणतो, तो इंग्रज स्वतःच्या घरात 'टेक ऑफ युअर शूज' म्हणतो. त्याची भिस्त त्याच्या छोट्या, जुन्या, घरगुती क्रियापदांवर आहे. आपण मात्र त्याच्यासारखं दिसायला आपली घरगुती क्रियापदं टाकून देतोय.

अर्जात, अहवालात 'रिमूव्ह' चालेल, तिथं तो शोभतो. मुलाखतीतही चालेल. मी बोलतोय ते रोजच्या बोलण्याबद्दल.

मंडळाला माझी एक सूचना आहे. ती झेरॉक्स बंद करूया. त्याऐवजी मंडळाच्या फळ्यावर दर आठवड्याला एक इंग्रजी क्रियापद आणि त्याच्यासमोर मराठी, कन्नड, कोंकणी, ज्याला जे येतं ते त्यानं लिहावं. पहिल्या आठवड्यात 'टेक ऑफ'च घेऊया. 'काढणे'चे माझ्याकडे सत्तावीस उपयोग जमलेत. आमच्या आजीनं परवा अठ्ठाविसावा सांगितला, दृष्ट काढणं. याला इंग्रजीत काय म्हणायचं, ते इंग्रजीच्या मुलांनी फळ्यावर लिहावं.