फळ्यापुढे उभे राहण्याचा अधिकार

मुलांना समाजातील व्यवसायांची ओळख व्हावी म्हणून पालकांना वर्गात बोलावण्याची प्रथा शहरांतील शाळांत आता रुळली आहे. डॉक्टर असलेली आई गळ्यात नळी अडकवून येते, अभियंता बाप पुलाचा नकाशा फळ्यावर काढतो, मुले टाळ्या वाजवितात. प्रथा चांगलीच आहे. परंतु ती जालना जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत नेली की पहिला प्रश्न उभा राहतो, बोलवायचे कोणाला? अशा वेळी गावचा तलाठी, ग्रामसेवक, फार तर पोलीस पाटील आठवतो. ज्यांच्या मुलांनी वर्ग भरलेला असतो त्यांचे नाव कोणाला सुचत नाही. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा व्यवसाय एकाच शब्दात आटोपलेला असतो : ‘मजुरी’.

या एका शब्दाखाली किती विद्या गाडली गेली आहे! अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. यांपैकी एखादा बाप तिसरीच्या वर्गापुढे उभा राहिला तर तो काय सांगेल? ऊस जमिनीलगत का छाटावा, हे सांगेल; कारण साखर बुडख्याकडे अधिक असते आणि वर सोडलेले बोटभर कांडे म्हणजे नुकसान. वाढे कसे छाटावे, पाचट कसे सोलावे, मोळी कशी बांधावी आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून मालमोटारीत कशी चढवावी, हेही तो दाखवील. आई शेजारी असेल तर ती सांगेल की मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. मग गुरुजींनी फळ्यावर गणित मांडावे : इतकी उचल, टनामागे इतका दर, इतके खाडे, तर उचल फिटण्यास किती टन ऊस तोडावा लागेल? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. शेकडेवारी शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण कोणते?

हा जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याची प्रसिद्धी दोन गोष्टींसाठी, बियाणे आणि पोलाद. १९६४ साली जालन्यात ‘महिको’ स्थापन झाली आणि संकरित बियाण्यांचे हे शहर देशभर ठाऊक झाले. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात मात्र कळीतील पुंकेसर नखाने अलगद काढणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग त्या फुलाला लावणे हे काम हातांनीच करावे लागते, आणि ते हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. वनस्पतिशास्त्राचा हा धडा त्या बायांना पाठ आहे. पोलादाच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या, बहुतांशी उत्तरेकडून आलेल्या कामगारांचेही तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार भाजले, तेव्हा कोठे शहराला त्यांचे अस्तित्व जाणवले.

अशा श्रमाला शासनाच्या भाषेत ‘अकुशल’ म्हणतात. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातही हाच शब्द होता, आणि ज्या समाजवाद्यांना त्या कायद्याचा रास्त अभिमान आहे त्यांनीही तो फारशी चिकित्सा न करता स्वीकारला.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. या देशात ‘तुझा बाप काय करतो?’ हा प्रश्न निरागस नाही. तो पुष्कळदा जात विचारण्याचा सभ्य मार्ग असतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले. ‘अस्वच्छ’ व्यवसाय करणाऱ्यांच्या मुलांसाठी १९७७-७८ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. पण ती मिळविण्यासाठी बापाचा व्यवसाय कागदावर सिद्ध करावा लागे. सफाई कामगाराला फळ्यापुढे उभे करून मुलांकडून टाळ्या वाजवून घेणे आणि त्याच्या मुलाने तेच काम करावे अशी अपेक्षा बाळगणे, ही श्रमप्रतिष्ठा नव्हे, थट्टा आहे. म्हणून मजुराने वर्गात आपले कौशल्य सांगावे आणि आपली मजुरीही सांगावी. कोण किती घेतो, कोणाला किती उरते, हे आठ वर्षांच्या मुलाला कळते. किंबहुना मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

१९३७ च्या वर्धा योजनेने हस्तोद्योग शाळेत आणला. पण पुढे अनेक ठिकाणी टकळी तेवढी राहिली, तिच्यामागचा विचार सुटला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ सुचविले आहेत. त्यांत सुतार, माळी, कुंभार यांची नावे आहेत. ऊसतोड कामगार त्या यादीत नाही. ती यादी करणाऱ्यांना गाव अजून बलुतेदारीच्या चित्रातले दिसते.

कार्यकर्त्यांना यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीत ठराव मांडता येतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. पहिली, स्नेहसंमेलनाच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, कार्यक्रम ठेवला तर हे आईबाप फडावर असतील आणि त्यांची कित्येक मुलेही तेथेच कोपीत असतील. म्हणून आषाढ-श्रावणातला दिवस धरावा. दुसरी, अभियंता शाळेत येतो तेव्हा त्याचा पगार कापला जात नाही. खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. तो रोज कोणी भरून द्यायचा, हे ठरावातच लिहून घ्यावे.