एक्स-रेमधला ठिपका एआयला दिसला. पुढे काय?

‘डॉक्टरांच्या आधी एआयने कॅन्सर पकडला’ अशी एखादी रील दर आठवड्याला फीडमध्ये येतेच. दावा अगदी हवेतला नाही. २०१९ मध्ये गुगलच्या टीमने फुप्फुसाचा सीटी स्कॅन वाचणारं मॉडेल ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडलं. तुलनेला जुना स्कॅन नसताना त्याने सहा रेडिओलॉजिस्टपेक्षा ११ टक्के कमी फॉल्स पॉझिटिव्ह दिले. म्हणजे कॅन्सर नसताना ‘आहे’ म्हणण्याची चूक कमी केली. आपल्या मुंबईच्या क्यूर.एआयचं सॉफ्टवेअर तर छातीच्या साध्या एक्स-रेतही संशयास्पद गाठ दाखवतं.

मी रोज कोड लिहितो, म्हणून माझा प्रश्न वेगळा: हे चालवायचं कोणावर? समजा, १०,००० लोकांत १० जणांना कॅन्सर आहे. सॉफ्टवेअर आजारी आणि निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखतं. मग ९ खरे रुग्ण सापडतील, आणि ९९९ निरोगी लोकांनाही धडकी भरेल. पुढे सीटी, कधी बायोप्सी, खर्च, उडालेली झोप. त्यात आपल्याकडे टीबी. जुन्या टीबीचे व्रणही ठिपक्यासारखेच दिसतात.

अमेरिकेतल्या एनएलएसटी चाचणीत ५५ ते ७४ वयाचे, वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेले ५३,००० हून जास्त लोक होते. एक्स-रेऐवजी कमी डोसचा सीटी केलेल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पण तिथेही सीटीत जे रिझल्ट संशयास्पद आले, त्यातले ९६ टक्के कॅन्सर नव्हतेच! म्हणून सरसकट सगळ्यांचं स्क्रीनिंग मला पटत नाही. जिथे रेडिओलॉजिस्टच नाही अशा तालुक्याच्या गावात, खोकल्यासाठी काढलेला एक्स-रे सॉफ्टवेअरने आधी बघणं मात्र पटतं. कॅन्सरला टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्याच्या केसेस आपल्याकडे नवीन नाहीत.

आणि ते महिने महाग पडतात. जपानच्या २०२२ च्या अभ्यासात २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी फुप्फुसाचा अख्खा खंड न काढता फक्त लहान भाग काढला, तरी पाच वर्षांनी ९४ टक्के रुग्ण हयात होते. खंड काढलेल्यांत ९१ टक्के. गाठ पसरल्यावर ऑपरेशनचा पर्यायच बहुतेकदा उरत नाही.

एक राहिलंच. घरच्यांच्या सीटीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊन चॅटबॉटला विचारू नका. मूळ डायकॉम फाइलमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा आणि शेकडो स्लाइस असतात. फोटोत जेमतेम २५६ छटा उरतात, त्याही कॉम्प्रेस झालेल्या. सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि तीच डॉक्टरांना दाखवा.