डायनॅमो सोडवण्याआधी तारा तपासा

बेंगळुरूच्या येलहंक्यात आणि आसपास जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या मराठी मंडळींना, आणि पुण्या-कोल्हापुरात ज्यांच्या अंगणात अजून एखादी विलीज जीप, शेव्हर्ले किंवा प्लिमथ उभी आहे त्यांनाही, एक कळकळीची विनंती आहे. गाडी चार्ज करत नाही म्हणून लगेच डायनॅमो सोडवून रिवाइंडिंगला देऊ नका. आणि ‘बारा व्होल्ट करून टाकू, कटकट मिटेल’ असं कुणी सुचवलं, तर निदान एक रविवार थांबा. साधा मल्टिमीटर, पान्यांचा संच आणि काचपेपर एवढ्यावर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा घरीच कळतं.

या गाड्या आपल्याकडे आल्या त्या बऱ्याचशा मुंबईतून. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून चालत होता, तर वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. अमेरिकन कंपन्या १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बारा व्होल्टवर गेल्या. त्याआधीची बहुतेक सगळी पिढी सहा व्होल्टची. त्या काळच्या मिस्त्रींना ही व्यवस्था तोंडपाठ होती. आजचा इलेक्ट्रिशियन हुशार असतो, पण त्याचा हात बारा व्होल्टवर बसलेला असतो, आणि गडबड तिथेच होते.

हिशोब करून पाहा. ३६ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेतो, सहा व्होल्टवर सहा. वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडात ओहमचा दहावा भाग एवढाच अडथळा आहे असं धरा. बारा व्होल्टच्या गाडीत तिथे ०.३ व्होल्ट जातात, म्हणजे अडीच टक्के. कुणाच्या लक्षातही येत नाही. सहा व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट जातात, म्हणजे थेट दहा टक्के, आणि दिव्याचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून इथे तारा जाड लागतात. बॅटरीपासून सेल्फला जाणारी केबल तर अंगठ्याएवढी हवी. बाजारात सहज मिळणारी तयार केबल बारा व्होल्टच्या हिशोबाची, बारीक असते. ती बसवली की सेल्फ रडत फिरतो आणि बिचाऱ्या बॅटरीला दोष लागतो.

येलहंका न्यू टाउनमध्ये एका काकांच्या १९५१ च्या प्लिमथवर मी हेच पाहिलं. गाडी नुकतीच रंगवून, चकचकीत करून आणलेली. डायनॅमो रिवाइंड झालेला, बॅटरी कोरी, तरी ॲमीटरचा काटा शून्यावरून हलत नव्हता. इंजिन रेस करून मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या पत्र्याच्या तळाला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खुंटीला लावलं, तर तिथे व्होल्टभराचा फरक दिसला. असायला हवा होता जवळपास शून्य. रेग्युलेटर ज्या पत्र्यावर कसला होता तो रंगाच्या जाड थराने झाकलेला होता. या गाड्यांत डायनॅमोच्या फील्ड कॉइलचा करंट रेग्युलेटरमधून त्या तळावाटेच अर्थला परततो. वाटच बुजली, तर फील्ड तयार व्हायचं कशातून? स्क्रू काढले, प्रत्येक भोकाभोवती नाण्याएवढी जागा खरवडून पत्रा उघडा केला, पुन्हा कसलं आणि वरून थोडं व्हॅसलीन लावलं. काटा उठला. रिवाइंडिंगचे पैसे मात्र आधीच गेले होते. नव्याने रंगवलेल्या प्रत्येक गाडीत संशय आधी रंगावरच घ्या: इंजिन-बॉडीमधली अर्थची पट्टी, डायनॅमोची बैठक, हेडलाइटची वाटी, सगळीकडे.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करा. सहा व्होल्टच्याच चार्जरवर, हवेशीर जागी ती पूर्ण चार्ज करा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावा. तीन सेलची धड बॅटरी ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. सहाच्या खाली असेल तर हायड्रोमीटरने तिन्ही सेल पाहा; भरलेल्या सेलमध्ये आकडा १.२६५ च्या आसपास येतो. दोन सेल बरे आणि एक पार खाली, तर ती बॅटरी संपली. जगातला कुठलाही डायनॅमो तिला उभी करणार नाही. तिन्ही सारखेच उतरले असतील, तर रात्रीत करंट कुठेतरी गळतोय. इंजिन बंद असताना डायनॅमो हाताला गरम लागला तर कटआऊटचे पॉइंट चिकटले आहेत, असं समजा आणि ताबडतोब बॅटरीची अर्थची वायर काढा.

बॅटरी ठीक असेल तर इंजिन चालू करून थोडं रेस करा. बॅटरीवर ७ ते ७.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग होतंय. नाही दिसले तर आधी बेल्ट अंगठ्याने दाबा. अर्धा इंच दबला म्हणजे बरोबर. मग अर्थ तपासा. दिवे लावून बॅटरीची खुंटी आणि बॉडी यांत मीटर धरा, ०.१ व्होल्टच्या वर काही नको. सेल्फ मारताना खुंटी आणि इंजिन यांत पाहा. मीटरचं टोक क्लॅम्पला नव्हे, खुंटीलाच टेकवायचं, कारण कित्येकदा दोष त्या दोघांच्या मधल्या पांढऱ्या बुरशीतच असतो.

इथवर सगळं स्वच्छ निघालं तरच डायनॅमोकडे वळा. पट्टी सरकवून कार्बन पाहा: आखूड झालेत का, खाचेत अडकलेत का. कम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक काचपेपर लावा, एमरी नको. तिचे कण फटींत बसून शॉर्ट करतात. त्यानंतर फील्डची चाचणी, आणि ती करताना गाडी कुठल्या पद्धतीची आहे हे आधी ठरवा. डेल्को-रेमी आणि ऑटो-लाइटच्या डायनॅमोत फील्डची वायर रेग्युलेटरवरून काढून क्षणभर अर्थला लावतात. फोर्ड आणि लुकासच्या पद्धतीत ती अर्थला लावायची नसते. फील्ड आणि आर्मेचरची टोकं जोडून पाहायचं असतं. चाचणीत व्होल्टेज सरसर चढलं तर डायनॅमो निर्दोष, बिघाड रेग्युलेटरात. काही सेकंदांत आटपा. आणि बॅटरी काढून डायनॅमो कधीही फिरवू नका. व्होल्टेज मोकाट चढतं आणि वाइंडिंग जळतं.

एक गोष्ट मात्र बिघाड नसते, आणि बेंगळुरूत ती रोज बिघाड म्हणून सांगितली जाते. हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली गाडी रांगेत आयडलवर उभी, दिवे लागलेले, आणि काटा वजाकडे. जुना डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. बळ्ळारी रस्त्यावर गाडी मोकळी पळू लागली की काटा अधिककडे आला पाहिजे. आला तर निश्चिंत राहा. नंदी हिल्सच्या रविवारच्या फेरीत बॅटरी भरते, शहरातल्या गर्दीत ती रिकामी होते.

डायनॅमो उघडून परत बसवला, किंवा कुणी बॅटरी उलटी लावली होती, तर त्याची चुंबकीय दिशा पुन्हा बसवावी लागते. डेल्को आणि ऑटो-लाइटला इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरवरच्या बॅटरी आणि आर्मेचरच्या टोकांत वायर क्षणभर टेकवायची, ठिणगी उडाली की झालं. फोर्डच्या पद्धतीत फील्डची वायर रेग्युलेटरवरून सोडवून बॅटरीच्या टोकाला क्षणभर लावायची.

बारा व्होल्टच्या बदलाला माझा विरोध आहे. सहा व्होल्टचा सेल्फ बारावर इतक्या जोरात झेपावतो की फ्लायव्हीलच्या रिंगचे दात तुटतात. पेट्रोलचा काटा आणि वायपरची मोटर जळते. आणि कापडी वेष्टणाचं जुनं वायरिंग व सैल जोड तसेच राहतात. शेजाऱ्याच्या नव्या गाडीवरून जंप देणं हाही त्याच जातीचा प्रकार, तोही टाळा.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. बॉनेटच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून चिकटवा: सहा व्होल्ट, आणि अर्थ कोणती. प्लिमथ, डॉज आणि जुन्या फोर्डला पॉझिटिव्ह अर्थ असते. शेव्हर्ले आणि विलीजला निगेटिव्ह. बेंगळुरूत असाल तर मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहा, कारण जे. सी. रोडवरच्या गॅरेजमधून येणाऱ्या पोराने बॅटरी हातात घेतली, की वाचायला त्याला तेच लागणार आहे.