दिव्यांची स्मृती आणि नाट्यगृहाचे घड्याळ

दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली सुरू झाले. रविवारी एकाच रंगमंचावर सकाळी एक, दुपारी दुसरे आणि रात्री तिसरे नाटक व्हावे, ही तेथे रुळलेली जुनी रीत. एका नाटकाचा वाडा उतरतो, दुसऱ्याचा दिवाणखाना चढतो आणि मधल्या थोडक्या वेळात दिवे बांधले जातात, ध्वनियंत्रणा तपासली जाते, नटमंडळी रंगून तयार होतात. मराठी व्यावसायिक रंगभूमीचे अर्थकारण या घाईवर उभे आहे. अशा या घाईत आता संगणकावर चालणारी प्रकाशयंत्रणा दाखल झाली आहे. तिचे स्वागत व्हावे याविषयी दुमत नाही. परंतु यंत्राला सारे पाठ असते, सबब त्याला तयारीस वेळ लागत नाही, असा जो समज तिच्याबरोबर पसरू लागला आहे तो घातक आहे.

मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्या खालीवर करून दिवे मंद करणारी हौशी मंडळी फार जुन्या काळातली नव्हेत. पुढे डिमरच्या दांड्या आल्या. त्या ओढणाऱ्याला हात दोनच, त्यामुळे प्रकाशबदलाला मर्यादाही तेवढीच. प्रकाशाच्या प्रत्येक अवस्थेची नोंद यंत्रात साठवून ठेवायची आणि एका बटणाने ती रंगमंचावर आणायची, ही सोय ब्रॉडवेवर १९७५ च्या ‘ए कोरस लाइन’मध्ये थॅरन मसर या प्रकाशयोजनाकार बाईंनी प्रथम वापरली. १९८६ मध्ये अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने ‘डीएमएक्स’ ही समान संकेतप्रणाली ठरवून दिली. तिच्यात एका तारेवरून ५१२ वाहिन्या जातात आणि प्रत्येकीवर ० पासून २५५ पर्यंतचा आकडा पाठवता येतो. साध्या दिव्याला एक वाहिनी पुरते, रंग बदलणाऱ्याला तीन-चार लागतात, तर मान फिरवणाऱ्या दिव्याला वीस-पंचवीस. असे वीस दिवे टांगले की एक तार जवळजवळ भरली. प्रत्येक दिव्याला त्याचा क्रमांक द्यावा लागतो. तो चुकला तर दोन दिवे एकाच आज्ञेवर माना डोलावू लागतात. तारेच्या शेवटी १२० ओहमचा रोध लावायचा राहिला, तर दिवे मध्येच लुकलुकतात आणि दोष शोधण्यात दुपार जाते.

या यंत्राची स्मृती आकड्यांची आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. अमुक दिवा साठ टक्के, पाच सेकंदांत, एवढे ते अचूक सांगते. तो दिवा कोठे टांगला आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे, याची त्याला वार्ता नसते. दादरच्या प्रयोगात झोपाळ्यावर बसलेल्या नायिकेच्या मुखावर पडलेला प्रकाश दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात झोपाळ्याच्या कडीवर पडतो, कारण तेथे दिव्यांची दांडी वेगळ्या अंतरावर आहे. फिरणाऱ्या दिव्यांनाही हे संकट चुकत नाही. ते आपल्या मानेचा कोन लक्षात ठेवतात; दांडीच फूटभर पुढे असली तर त्यांच्या साऱ्या जागा फूटभर चुकतात. म्हणजे शिडीवर कोणीतरी चढलेच पाहिजे, खाली कोणीतरी उभे राहून ‘थोडा डावीकडे’ म्हटलेच पाहिजे. खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये प्रकाशयोजना मावते, हा भ्रम आहे.

शिवाय दिव्यांची जातही बदलली आहे. हॅलोजनचा दिवा मंद होत जातो तसा पिवळा, तांबूस होत समईच्या जवळ येतो. एलईडी मंद होतो तेव्हा त्याचा रंग बहुधा होता तसाच राहतो, आणि साध्या प्रतीचा असेल तर शेवटच्या टप्प्यात पायऱ्या उतरल्यासारखा धक्के खात विझतो. त्याच्या प्रकाशात पैठणीचा जांभळा रंग आणि नटाच्या चेहऱ्यावरची रंगभूषा दोन्ही वेगळी दिसू शकतात. वीज वाचते, उष्णता घटते, हे लाभ मोठे आहेत. पण ही पारख रंगीत तालमीतच करावी लागते, आणि नेमकी तीच तालीम खर्चाच्या नावाखाली आखडती घेतली जाते.

संगीत नाटकात तर आणखी एक गंमत आहे. ध्वनिमुद्रणाशी दिव्यांची वेळ जुळवून ठेवणे नृत्याच्या कार्यक्रमात शोभते. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला, गायकनटाने पद पुन्हा उचलले आणि यंत्र मात्र ठरल्या क्षणी पुढच्या प्रवेशाच्या काळोखात निघाले, तर काय करावे? दादरचा प्रेक्षक हशाही मनमुराद देतो. तो ओसरेपर्यंत बटणावर बोट रोखून धरणारा माणूस ही नाटकाची खरी स्मृती आहे, आणि जाहिरातीत त्याचे नाव बहुधा नसते.

१९७४ पासून दादरच्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’च्या आश्रयाने प्रायोगिक नाटके होत राहिली. दिवे मोजके, यंत्रणा बेताची. पण जागा एक होती, तिचे कोपरे कार्यकर्त्यांच्या पायाखालचे होते. आजचे नाटक दादर, ठाणे, पुणे असे फिरते. ओळखीच्या जागेचा तो आधार त्याला नाही. तो निर्माण करता येतो. प्रत्येक नाट्यगृहाने मूलभूत दिव्यांचा एक संच कायम टांगलेला ठेवावा, त्यांना सर्वत्र सारखे क्रमांक द्यावेत आणि दांड्यांची अंतरे व उंची दाखवणारा आराखडा निर्मात्याच्या हाती आगाऊ ठेवावा. मराठी नाट्य परिषदेसारख्या १९०५ पासूनच्या संस्थेने पुढाकार घेतला तर महापालिका आणि विश्वस्त संस्था यांना एका आराखड्यावर आणणे अशक्य नाही. यंत्रे विकत घेण्यास पैसा लागतो; क्रमांक सारखे ठेवण्यास फारसा लागत नाही.

एवढे करूनही दिवे जागेवर बसवण्यास पाऊण तास तरी राहतोच. तो नाट्यगृहाच्या भाड्यात धरावा, निर्मात्याने सोसावा की तिकिटात मिळवावा, हे या मंडळींनी एकत्र बसून ठरवावयाचे आहे. तूर्त तो दिवे बांधणाऱ्यांच्या जेवणाच्या वेळेतून कापला जातो.