हिमालयाआधीची एक रात्र

मे महिना जवळ आला की डोंगरवेड्यांच्या घरी वजनकाटा बाहेर निघतो. स्लीपिंग बॅग किती ग्रॅम, मॅट किती ग्रॅम, यावर तासन्‌तास खल चालतो. पाठीवरचं ओझं कमी व्हावं ही इच्छा रास्तच आहे. पण नवी कोरी बॅग एकदाही न उलगडता थेट हिमालयातल्या सर पासच्या वाटेवर नेणं मला धोक्याचं वाटतं. कसोलपासून खिंडीपर्यंत आपण अडीच हजार मीटरहून जास्त वर जातो, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली सुखाची वाटलेली रात्र वर पार वेगळी असते.

बॅगेवर बहुधा ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ अशी तीन तापमानं छापलेली असतात. त्यातल्या ‘एक्स्ट्रीम’वर भुलू नका. ती झोपेची नव्हे, जीव तगून राहण्याची हद्द आहे. ‘कम्फर्ट’च पाहा. हे आकडेसुद्धा अंगाखाली मॅट आहे असं धरूनच काढलेले असतात. ऊब टिकवते ती भरावात अडकलेली हवा. पाठीखाली भराव चेपला की ती हवा निघून जाते आणि जमीन अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून वजन वाचवायचंच असेल तर जादा कपड्यांतून वाचवा, मॅटला हात लावू नका.

चाचणी घ्यायची कुठे? बरेच जण गच्चीवर झोपून पाहतात. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊन असतो, त्यामुळे उबेची परीक्षा तिथे होत नाही. गच्चीवर कळतात त्या बाकीच्या गोष्टी: खांदे आवळतात का, चेन अंधारात अडकते का, कूस बदलली की मॅट खालून सरकते का. हवेची मॅट सकाळी मऊ लागली म्हणून लगेच भोक शोधू नका. हवा ३० अंशांवरून १० अंशांवर आली की सुमारे ७ टक्के आक्रसते. शंका असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा.

खरी रात्र काढावी ती पाचनई किंवा साम्रदसारख्या डोंगराखालच्या गावात, घरमालकाला विचारून, अंगणातल्या उघड्या जमिनीवर. हिमालयाची थंडी तिथे मिळणार नाही, पण वारा आणि पहाटेचा गारवा मिळेल. वरच्या मुक्कामी घालणार तेच कपडे घाला. वळवाची सर आलीच तर उत्तम. डाऊन (पिसांचा भराव) भिजली की तिचा फुगा बसतो आणि ऊब जाते, हे आधीच कळलेलं बरं.

निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे हे उरकलं, तर बॅग बदलायला किंवा भाड्याने घ्यायला वेळ उरतो. ग्रुपच्या लीडर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: नावांची यादी पक्की करताना प्रत्येकाला विचारा, ‘या बॅगेत एक रात्र झोपला आहात का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी त्यांना गावात मुक्कामाला पाठवा.