पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका



मोर्चा काढणे आपल्याला येते. रस्त्यावर बसणे येते, लाठी खाणे येते, गरज पडली तर तुरुंगात भाकरी खाणेही येते. पण तोच गडी तहसिलीत टेबलापुढे एकटा उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटते. "सांगून ठेवलं होतं जी साहेबाला," असे म्हणत तो परत येतो आणि वर्षभर वाट पाहतो. सांगून ठेवलेल्या गोष्टीला सरकारदरबारी दमडीची किंमत नाही. तोंडी अर्जाला पोच नसते आणि पोच नसलेला अर्ज कधी दिलाच गेला नाही, असे समजले जाते.

कपाशीवाल्यांनी हे २०१७ सालच्या हंगामात भोगले आहे. गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली. नुकसान डोळ्यांपुढे होते, वावरात पऱ्हाटी उभी होती. पण भरपाईची तक्रार 'जी' नमुन्यात भरून द्यायची होती, सोबत बियाण्याचे बिल हवे होते. ज्यांनी उधारीवर बियाणे उचलले, दुकानदाराने चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, त्यांनी काय जोडायचे? अळीने सगळ्यांचे सारखेच खाल्ले, कागदाने मात्र माणसे वेगळी केली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहोत की पक्के बिल आणि बियाण्याची रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. हसणारे हसतात.

आता कोणी म्हणेल, पोच मागितली तर पटवारी चिडतो. (२०२४ साली तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. आपल्याकडे पटवारी तो पटवारीच.) चिडू द्या. पोच देणे ही त्याची मेहरबानी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आहे. त्याचे कलम १४९ सांगते की वारसाने, खरेदीने वा वाटणीने जमिनीत हक्क मिळाला तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, आणि तलाठ्याने कळवणाऱ्याला लगेच लेखी पोच द्यावी. 'लगेच' हा शब्द आमचा नाही, कायद्याचा आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही काम मागणाऱ्याला तारखेची पोच द्यायची होती. काम देण्याचे पंधरा दिवस त्या तारखेपासूनच मोजायचे होते. पोच नसेल तर मोजणार कुठून?

वारसनोंदीबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण या जागी आपली घरे आतून कोसळतात. घरधनी जातो, तेरवी होते, आणि सातबाऱ्यावर नाव तसेच राहते. बाई तेच वावर डवरते, निंदते, वेचते. पण सोसायटीचे कर्ज तिला नाही, नुकसानभरपाई तिच्या खात्यात नाही, कारण कागदावर ती शेतकरीच नाही. दिराने नोंद करताना फक्त पोरांची नावे लावली तर तिला पत्ताही लागत नाही. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि चावडीवर बाई जातेच कुठे? तेव्हा गावातल्या कार्यकर्त्याने चावडीवरची नोटीस वाचून ज्या घरचा फेरफार असेल त्या घरच्या बाईला जाऊन सांगायचे. हे मोर्चाइतकेच आंदोलनाचे काम आहे असे आम्ही मानतो.

आता तलावांकडे वळू. भंडारा म्हणजे धानाचा आणि तलावांचा जिल्हा. कपाशी-जवारीवाल्यांना वाटेल, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध गाळाचा आहे आणि कागदाचा आहे. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले हे तलाव १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हा सरकारजमा झाले. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गावाच्या हातून पाळीची दुरुस्ती गेली, तसा तलाव गाळाने भरत गेला. तोच गाळ मुरमाड वावराला सोन्यासारखा आहे. हलक्या जमिनीत तो मिसळला की पावसाच्या उघडिपीत ओल चार दिवस जास्त टिकते, आणि दाणे भरायच्या वेळी जवारीला तेच चार दिवस लागतात. फक्त गाळ आधी तपासून घ्या, क्षार किंवा चुनखडी जास्त असेल तर उचलू नका. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली आली, २०२३ साली पुन्हा सुरू झाली. पण तलावाचे नाव यादीत घालायचे तर गावाने लेखी मागावे लागते, आणि बरीच गावे मागतच नाहीत.

तलावावर, गायरानावर, जंगलावर गावाचा हक्क काय होता, हे इंग्रजांच्या बंदोबस्तात लिहून ठेवलेले आहे. मालगुजारी मुलखात त्या कागदांना वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक म्हणतात. ते जुन्या अभिलेखांत मिळतात, नक्कल मागता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार हा शब्द आणि हक्क दोन्ही मान्य केले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव बसून बोलले, लिहिले, दावा दाखल केला आणि पाठ सोडली नाही. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, तिथल्या मित्रांना आपले कागद वेगळीकडे शोधावे लागतील.

ग्रामसभेत शंभर माणसे किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही मेख ओळखा. पहिल्या दिवशी आपण जात नाही, दुसऱ्या दिवशी सात जणांत ठराव होतो, आणि सह्यांचे रजिस्टर मग घरोघर फिरते. अशा रजिस्टरवर सही करू नका, घरी आलेला माणूस सोयरा असला तरी. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत होणाऱ्या सभेत वर्षाचा हिशेब मांडावाच लागतो, त्या सभेला तरी चुकू नका. २०१५ नंतर वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. आता चोरी मुंबईत होते असे म्हणून भागत नाही. बायकांची सभा नेहमीच्या ग्रामसभेआधी घ्यायची असते. ती कागदावर होते की खरोखर, हे घरी विचारा.

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, जन्मभर सरकारशी भांडलो, आता त्याच्याच दारात अर्ज घेऊन जायचे? भीक मागायला जाऊ नका. हिशेब मागायला जा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे, दारिद्र्यरेषेखालच्याला फुकट. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, शिव्या घालू नका. उत्तराला तीस दिवस. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखल्यांना मुदत ठरलेली आहे, ती कार्यालयात फलकावर लावावी लागते. मुदतीत काम झाले नाही तर तीस दिवसांत अपील करा. कसुरदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड आहे. वैयक्तिक तक्रार असेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत: ग्रामसभेच्या शेवटच्या ठरावाची नक्कल, वर्षभरात दिलेल्या अर्जांच्या पोचा, आणि मालगुजारी मुलखातल्या गावांनी निस्तारपत्रक. झेरॉक्स चालेल. ज्यांना पोच नाकारली त्यांनी तारीख आणि टेबल लिहून आणावे, तसे अर्ज आपण सगळे मिळून त्याच दिवशी दाखल करायला जाऊ.